बाद केलेल्या अकरा चिठ्ठ्या

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मशीनमधून कागद बाहेर आला. चौदा ओळी. तेरा साध्या होत्या. नवव्या ओळीतल्या आकड्यापुढे चांदणी होती. स्त्री, वय बासष्ट, आकडा ११८, मर्यादा ७४.

लॅबच्या मुख्य तंत्रज्ञ बाईने त्या ओळीवर बोट ठेवलं. लॅबमध्ये तिला सगळे मोजपट्टी म्हणत, पाठीमागे आणि तोंडावरही. चौदा नमुने तरण तलावाच्या कर्मचाऱ्यांचे होते. तलाव चालवणाऱ्या कंपनीने यंदापासून वार्षिक तपासणीत हृदयाच्या संप्रेरकाची चाचणी घातली होती. तलावावर बासष्ट वर्षांची बाई एकच होती. ती पोहायला शिकवायची आणि ती मोजपट्टीची सख्खी आत्या होती.

"ताई, तिसऱ्यांदा वाचताय तो कागद," रक्त घेणारा म्हणाला. त्याला सगळे सुईवाला म्हणत. "मी टोचलेलं एकही रक्त कधी वाया गेलेलं नाही, सांगून ठेवतो."

"नववा नमुना कुठे घेतलास?"

"तलावाच्या काठावर. बाई ओल्याच होत्या. म्हणाल्या, लवकर टोच, पोरं थंडीने काकडतायत."

"पाण्यातून बाहेर येऊन किती वेळ झाला होता?"

"वेळ? टॉवेलसुद्धा घेतला नव्हता."

मोजपट्टीने श्वास सोडला. हृदयाचे कप्पे ताणले गेले की हृदय हे संप्रेरक रक्तात सोडतं आणि मूत्रपिंडांना सांगतं, पाणी आणि मीठ बाहेर टाका. ताण जेवढा जास्त, तेवढा आकडा मोठा. थकलेल्या हृदयाचा आकडा हजारांत जातो. पण गळाभर पाण्यात उभं राहिलं तरी पाणी पायांतलं रक्त छातीकडे ढकलतं, आणि चांगलं हृदयही थोडं ताणलं जातं. म्हणजे नमुनाच चुकीच्या वेळी घेतलेला होता. तिने रिपोर्ट थांबवला आणि शेजारी लिहिलं, 'पुन्हा, विश्रांतीनंतर'.

तरी रिपोर्टची एक प्रत संगणकाने आपणहून तलावाच्या व्यवस्थापकाकडे पाठवलेली होती. सव्वा बाराला आत्याचा फोन आला.

"काय गं चिंगे, तुझ्या मशीनने मला चांदणी दिलीय म्हणे! व्यवस्थापक माझ्याशी असा बोलतोय जसं काही मी काचेची आहे. खुर्ची पुढे केली मला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा!"

"आत्या, तू ओली होतीस. उद्या सकाळी ये, अर्धा तास शांत बस, मग घेऊ."

"अर्धा तास शांत? त्यापेक्षा दोन बाटल्या रक्त घे." मग तिचा आवाज खाली आला. "ऐक. पुढच्या सोमवारपासून नव्या बॅचेस आहेत. शनिवारपर्यंत 'तंदुरुस्त' असा कागद हवा, नाहीतर बॅचेस दुसऱ्याला. आणि एकदा दुसऱ्याला गेल्या की बासष्टच्या बाईला परत कोण बोलावतंय? मला घरी बसवू नकोस हं. घरी बसले तर मात्र नक्की आजारी पडेन."

मंगळवारी सकाळी आत्या आली. कोरडी, केस विंचरलेली, पायांत चक्क बूट. ती अर्धा तास खुर्चीत बसली आणि त्या अर्ध्या तासात तिने सुईवाल्याचं लग्न का ठरत नाही याची तीन कारणं शोधून काढली. मोजपट्टीने रक्त स्वतः घेतलं. पन्नास मिनिटांनी आकडा आला, ११२.

सहाने उतरला होता. चांदणी तशीच होती.

"हृदयाची सोनोग्राफी करू," मोजपट्टी म्हणाली. "इको म्हणतात. त्यात सरळ दिसेल."

तिने तिथूनच ठरलेल्या रुग्णालयात फोन लावला. कंपनी दुसरीकडचा कागद मानत नव्हती. रुग्णालयाने पुढची तारीख दिली. ती तेवीस दिवसांनंतरची होती.

"म्हणजे मी बरी आहे हे कळायला तेवीस दिवस," आत्या बाही खाली ओढत म्हणाली, "आणि मी बरी नाही हे कळायला पन्नास मिनिटं. छान आहे तुमचं." दारात थांबून तिने विचारलं, "ते चौऱ्याहत्तर ठरवलं कुणी?"

"आम्ही," मोजपट्टी म्हणाली. "मी आणि डॉक्टरांनी."

हे खरं होतं. चार वर्षांपूर्वी नवं मशीन आलं तेव्हा त्यासोबतच्या पुस्तकात निरोगी माणसांची मर्यादा छापलेली होती. डॉक्टर म्हणजे लॅबचे प्रमुख. त्यांना ती पटली नाही. ते म्हणाले, पुस्तकातली माणसं कुठली कोण, आपली मर्यादा आपल्या माणसांवरून काढू. नियमाप्रमाणे त्यासाठी किमान एकशेवीस निरोगी माणसं लागतात. मोजपट्टीने एकशेचाळीस जमवली. लॅबचे लोक, त्यांचे नातेवाईक, समोरच्या इमारतीतले कारकून, धोबीखान्यातल्या बाया. प्रत्येकाला बावीस प्रश्न विचारले, रक्तदाब घेतला, हृदयाचा आलेख काढला. प्रत्येकाला एक क्रमांक दिला, आणि नावांची वही कपाटात कुलूपबंद केली. त्या कामावरचा डॉक्टरांचा लेख एका नियतकालिकात छापून आला होता. त्याचं पहिलं पान चौकटीत घालून व्हरांड्यात लावलेलं होतं, पाणी प्यायच्या जागेच्या वर. चार वर्षं तिथे पाणी पिणारा प्रत्येक माणूस ते वाचत होता.

आत्या गेल्यावर मोजपट्टी कपाटाशी गेली. क्रमांकांच्या चिठ्ठ्या खोक्यात होत्या. एकशेएकोणतीस चिठ्ठ्यांना रबर लावलेलं होतं. अकरा वेगळ्या, एका पाकिटात. पाकिटावर डॉक्टरांच्या अक्षरात एकच शब्द होता, 'बाद'.

तिला ती दुपार आठवत होती. सगळे आकडे धरले तर मर्यादा फार वर जात होती. डॉक्टर म्हणाले होते, हे वरचे अकरा काढ, निरोगी माणसाचा आकडा एवढा असतो का? आणि तिने लाल पेन्सिलीने अकरा चिठ्ठ्यांवर तिरकी रेघ मारली होती. वही उघडली नव्हती. क्रमांकामागचं नाव बघायचं नाही असा नियम होता, आणि नियम पाळल्याचं तिला तेव्हा बरं वाटलं होतं.

आज तिने चिठ्ठ्यांवरची वयं एका ओळीत लिहिली. अकरांपैकी दोन पुरुष, दोघेही साठीच्या पुढचे. नऊ स्त्रिया, सगळ्या पंचावन्नच्या पुढच्या. मग तिने खोक्यातल्या चिठ्ठ्या चाळल्या. एकशेचाळीस माणसांत पंचावन्नच्या पुढच्या स्त्रिया होत्याच मुळी एकोणीस.

एकोणीसपैकी नऊ.

वय वाढतं तसा हा आकडा निरोगी माणसातही चढतो, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त असतो. हे पुस्तकात होतं. तिने ते वाचलेलं होतं. तरीही निम्म्या म्हाताऱ्या बाया आजारी आहेत असं तिने लाल पेन्सिलीने मान्य केलं होतं, आणि उरलेल्यांवरून काढलेली मर्यादा चार वर्षं सगळ्यांना लावली होती.

तिने वहीचं कुलूप काढलं. सहावी चिठ्ठी, क्रमांक ५२, वय अठ्ठावन्न, आकडा ९१. नाव आत्याचं होतं.

संध्याकाळी ती तलावावर गेली. आत्या काठावर बसून शिट्टीच्या दोरीची गाठ सोडवत होती. मोजपट्टीने सगळं सांगितलं, काहीही न गाळता. आत्याने गाठ सोडवायची थांबवली नाही.

"म्हणजे चार वर्षांपूर्वीच माझा आकडा तुमच्या मर्यादेच्या वर होता."

"हो."

"तेव्हा तुम्ही मला आजारी समजलात म्हणून काढलंत."

"डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरांचं राहू दे. आजारी समजलात तर कळवलं का नाही? आणि आजारी समजला नाहीत तर काढलं का? दोन्हीपैकी एक तरी धड करायचं होतंस गं."

आत्याने दोरी दातात धरून ओढली.

"आणि बाकीच्या दहा जणांचं काय? ते आहेत का तरी?"

हा प्रश्न मोजपट्टीला रात्रभर पुरला. चार वर्षांत ही दहा माणसं खुटखुटीत राहिली असतील, तर त्यांना काढणंच चूक होती. ती आजारी पडली असतील, तर डॉक्टर बरोबर होते आणि आत्याची चांदणी खरी होती. बुधवारी सकाळी तिने दहा नावं आणि पत्ते एका कागदावर उतरवले आणि सुईवाल्याच्या हातात दिले.

"तुझी स्कूटर चालू आहे ना?"

"चालू आहे, पण ब्रेक मनाचे राजे आहेत. कुणाला टोचायचंय?"

"कुणालाच नाही. फक्त बघायचंय, कसे आहेत."

"एवढंच?" त्याने यादी वाचली. "ताई, हे असं दारात जाऊन 'अजून आहात का' विचारणं म्हणजे मार खायची कामं."

पहिली धोबीखान्यातच सापडली. चार वर्षांपूर्वी एकसष्ट होती, आता पासष्ट. ओल्या चादरींची टोपली कडेवर घेऊन ती एका दमात जिना चढली आणि वर पोचल्यावर या दोघांसाठी थांबली. "दम? दम तुम्हाला लागलाय, मला कशाला विचारता?" दुसरी टपाल वाटायची. आता निवृत्त होती आणि सुनेच्या तक्रारी सांगण्यात तिने पंचवीस मिनिटं घेतली, मध्ये एकदाही श्वासासाठी थांबली नाही. सुईवाल्याने बाहेर येऊन कागदावर शेरा लिहिला, 'फुप्फुसं उत्तम'. मोजपट्टीने तो खोडून नीट लिहिलं, 'चालताना दम नाही, पायांना सूज नाही, औषध नाही'. तिसऱ्याने, चष्मे दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने, आधी त्यांना विमा विकणारे समजून हाकलून दिलं. मग मागून हाक मारून बोलावलं आणि मोजपट्टीच्या चष्म्याची दांडी फुकट सरळ करून दिली. बुधवारी चार झाले. गुरुवारी दुपारपर्यंत आणखी पाच झाले. एका शिवणशिक्षिकेला रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. मोजपट्टीने तेही लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. बाकी आठ जण धड होते. तरी तिला स्वस्थ वाटेना. प्रत्येक दार उघडेपर्यंतचा वेळ ती घड्याळात बघत होती.

"नऊ झाले," सुईवाला म्हणाला. "नऊच्या नऊ उभे आहेत. आत्याबाई धरून दहा. आता तरी काहीतरी खा."

"एक राहिलाय."

दहावा पत्ता एका काचेच्या दुकानाचा निघाला. क्रमांक ८८, स्त्री, एकोणसाठ, शाळेतली ग्रंथपाल. आकडा ३०१. अकरांतला सगळ्यात मोठा. पुढच्या टेबलावर एक माणूस खिडकीची काच कापत होता. मोजपट्टीने नाव सांगितलं. त्याने काच कापण्याचं हत्यार खाली ठेवलं.

"आई गेली. दोन वर्षं होतील. तुम्ही कुठून?"

मोजपट्टीने सांगितलं. चार वर्षांपूर्वी निरोगी माणसांच्या अभ्यासासाठी तुमच्या आईने रक्त दिलं होतं.

"हो, आठवतंय. खूश होती. म्हणाली, निरोगी माणसांत मला घेतलंय." तो किंचित हसला. "वर्षभराने पाय सुजायला लागले. उशा वाढवत गेली. एक, मग दोन, मग बसूनच झोपायची. आम्ही म्हणालो, वय झालं. रुग्णालयात नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदय केव्हाचं थकलेलं आहे, इतके दिवस काय करत होता?"

मागे सुईवाला उगाच काचांचे नमुने बघत राहिला.

"तुमच्या त्या तपासणीत काही दिसलं होतं का?" मुलाने विचारलं.

मोजपट्टीला 'तेव्हा नक्की सांगता आलं नसतं' असं म्हणता आलं असतं. ते पूर्ण खोटंही नव्हतं.

"आकडा जास्त होता," ती म्हणाली. "खूप जास्त. आम्ही तो अभ्यासातून काढून टाकला. तुमच्या आईला कळवलं नाही."

"का?"

"क्रमांकामागचं नाव बघायचं नाही असा नियम होता."

त्याने हत्यार उचललं, पुन्हा ठेवलं.

"हे सांगायला चार वर्षांनी आलात?"

"नाही. मी दुसऱ्याच कामासाठी आले होते."

"मग जा," तो म्हणाला. "ते दुसरं काम तरी करा."

परत येताना सिग्नलला थांबल्यावर मान न वळवता सुईवाला म्हणाला, "ताई, त्या बाईंचं रक्त मीच घेतलं होतं. हात आठवतोय. शीर लगेच मिळाली होती."

शुक्रवारी सकाळी नऊला मोजपट्टी डॉक्टरांच्या खोलीत गेली. टेबलावर तिने अकरा चिठ्ठ्या ओळीने मांडल्या आणि शेजारी आपला कागद ठेवला. डॉक्टर साठीचे होते, टापटीप. ऐकताना डोळे मिटून घ्यायची त्यांना सवय होती. एकोणीसपैकी नऊ या ठिकाणी त्यांनी ते उघडले.

"ही सहावी कोण?"

"माझी आत्या."

"अच्छा." ते खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे तुझ्या आत्याला चांदणी आली, म्हणून चार वर्षांनी आपली मर्यादा चुकीची ठरली. उद्या माझ्या मेव्हण्याची साखर जास्त आली तर तीही मर्यादा वाढवू?"

"सर, मी मर्यादा वाढवा म्हणत नाहीये."

"मग?"

"नवी मर्यादा काढायला त्या वयाच्या एकशेवीस बाया लागतील. माझ्याकडे दहा माणसं आहेत, त्यातले दोन पुरुष आणि एक माझी आत्या. त्यांच्यावरून काहीच काढता येत नाही. आणि चालता-बोलता माणूस म्हणजे निरोगी हृदय, असंही मी लिहून देणार नाही. पण आपली जुनी मर्यादाही त्या वयाला लागू नाही. पंचावन्नच्या पुढच्या बायकांच्या रिपोर्टवर फक्त आकडा छापायचा आणि खाली लिहायचं, या वयासाठी आमच्याकडे मर्यादा नाही."

"'आमच्याकडे नाही' असं लिहिणारी लॅब पाहिलीयस कुठे?"

"नाही."

"लोक हसतील."

"हसू देत."

डॉक्टर उठले. खिडकीशी गेले, परत आले. "मी तो निर्णय विचार करून घेतला होता. तीनशे एकचा आकडा असलेली बाई निरोगी? तू ठेवली असतीस ती?"

"नसती ठेवली," मोजपट्टी म्हणाली. "तिच्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात. ती वर्षभराने आजारी पडली आणि गेली. काल तिच्या मुलाला भेटून आले."

डॉक्टरांनी ती चिठ्ठी उचलली. वर तिरकी लाल रेघ होती. समासात त्यांच्याच अक्षरात बारीक लिहिलेलं होतं, 'स्पष्टच आजारी'. त्यांनी ते वाचलं. मग चिठ्ठी पालथी घातली, जणू मागे आणखी काही लिहिलेलं असेल. मागे कोरं होतं.

"मुलगा काय म्हणाला?"

"का कळवलं नाही, असं विचारलं."

बाहेर नमुने फिरवायचं यंत्र थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"एकोणीसपैकी नऊ," डॉक्टर स्वतःशी म्हणाले. "हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. तू तरी बोलायचंस."

"मी मोजलंच नव्हतं, सर. रेघा मारल्या."

ते खाली बसले आणि त्यांनी कोरा कागद ओढला. मर्यादा मागे घेतल्याचं पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा स्वच्छ उतरवलं. मोजपट्टीने सहीसाठी हात पुढे केला तेव्हा त्यांनी कागद आपल्याकडे ओढला.

"आधी माझी. ही चूक माझ्या सहीने छापून आली होती." सही करून त्यांनी पेन तिला दिलं. "आता तुझी. आणि गेल्या चार वर्षांत पंचावन्नच्या पुढच्या किती बायकांना चांदणी गेली, ती यादी काढ."

यादी दुपारी निघाली. दोनशे बारा.

शनिवारी साडेदहाला तलावाच्या व्यवस्थापकाने नवा रिपोर्ट दोन्ही हातांनी धरून वाचला. तो तिशीतला, घामेजलेला माणूस होता. कंपनीने त्याला फॉर्म भरायला ठेवलं होतं आणि तो मन लावून फॉर्म भरायचा. समोर आत्या पोहण्याच्या पोशाखावर सदरा घालून उभी होती, बसायला तयार नव्हती. मोजपट्टी दाराशी होती.

"चांदणी गेली," तो म्हणाला. "पण 'मर्यादेत' असंही नाही. माझ्या फॉर्ममध्ये दोनच चौकोन आहेत. मर्यादेत, मर्यादेबाहेर. मी कशावर खूण करू?"

"तिसरा चौकोन काढ," आत्या म्हणाली.

"काढता येत नाही हो, संगणकावर आहे!" तो मोजपट्टीकडे वळला. "मॅडम, तुम्ही सरळ सांगा. या बऱ्या आहेत का?"

आत्यानेही तिच्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. मोजपट्टीला तो माहीत होता, आणि आत्याला माहीत होतं की तिला माहीत आहे.

"मला माहीत नाही," मोजपट्टी म्हणाली. "तिच्या वयाच्या बऱ्या बायकांमध्येही एवढा आकडा सापडतो, एवढंच मला माहीत आहे. तेवीस दिवसांची तारीख मिळाली होती. आता एकोणीस राहिलेत. इको झाल्यावर डॉक्टर सांगतील."

"मग मी काय करायचं?"

"तिची तपासणी कंपनीच्या डॉक्टरांनी केली का? छाती ऐकली? पाय बघितले? जिना चढायला लावला?"

व्यवस्थापकाने फाइल चाळली. "आकडा मर्यादेबाहेर असला की पुढची तपासणी करायची नाही, असं आहे. थेट नाकारायचं."

"आता बाहेर नाही," मोजपट्टी म्हणाली. "म्हणजे करावी लागेल."

कंपनीचा डॉक्टर बाराला आला. तो कंटाळलेला होता, आणि या आठवड्यात त्याने नुसते आकडे बघून चाळीस फॉर्म भरले होते. त्याने आत्याची छाती पुढून-मागून ऐकली, मानेच्या शिरा पाहिल्या, नडगी दाबली, मग तिला प्रेक्षकांच्या पायऱ्या दोनदा चढायला लावल्या. तिसऱ्यांदा ती न सांगता चढली. त्याने लिहिलं, 'इकोपर्यंत काम करण्यास हरकत नाही. उथळ भागात. काठावर दुसरी जबाबदार व्यक्ती हवी.'

"उथळ भागात!" आत्या भडकली. "सव्वीस वर्षं मी खोल पाण्यात शिकवलं. कमरेएवढ्या पाण्यात काय, बदकं सांभाळू?"

"आत्या," मोजपट्टी म्हणाली.

आत्याने कागद डॉक्टरच्या हातातून घेतला, वाचला, दुमडला आणि व्यवस्थापकाला दिला. "सोमवारची लहान मुलांची बॅच माझी. लिहून घे. मोठ्यांची बॅच एकोणीस दिवस दुसऱ्याला. एकोणीस. विसाव्या दिवशी मी येऊन उभी राहीन."

कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोघी टेकल्या. फरशी ओली होती, क्लोरीनचा वास होता. आत्याने बूट हातात घेतले होते, घातले नव्हते.

"तू 'बरी आहे' म्हणाली असतीस तर खोल पाणी मिळालं असतं," ती म्हणाली.

"हो."

"मी वाट बघत होते. म्हणते की नाही म्हणत."

"माहीत आहे."

"राग आला मला." आत्याने एक बूट घातला. "अजून आहे. जेवायला येऊ नकोस उद्या. परवा ये." दुसरा बूट घालताना ती म्हणाली, "मला भीती वाटत नव्हती गं. आठवडाभर तुझं तोंड बघून वाटायला लागलीय. काल पहाटे उठून आरशात मान बघितली, शीर उडतेय का म्हणून. शीर कुणाची उडत नाही? पण मी बघत बसले."

आत शिट्टी वाजली, कुणीतरी पाण्यात उडी मारली.

"तुझ्या हातात ती यादी कसली?"

"दोनशे बारा बाया आहेत. ज्यांना चांदणी गेली होती."

"त्यांना काय सांगणार?"

"मर्यादा चुकीची होती हे. आणि म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका, डॉक्टरांना दाखवा, हेही. दोन्ही."

"कठीण आहे," आत्या म्हणाली. "एकीचाही जीव शांत होणार नाही." ती उठली. "मग इथे माझे श्वास काय मोजत बसलीयस? लाव फोन."

मोजपट्टी बाहेर फुटपाथवर आली. भिंतीची सावली हातभर उरली होती, तिच्यात उभी राहून तिने यादीतला पहिला क्रमांक लावला. स्त्री, सहासष्ट, आकडा ९७, अडीच वर्षांपूर्वीची चांदणी. घंटा सहा वेळा वाजली. सातव्यांदा एका बाईने फोन उचलला, मागे प्रेशर कुकरची शिट्टी होत होती.

मोजपट्टीने आपण कुठून बोलतोय ते सांगितलं. मर्यादेचं सांगितलं.

"अहो, त्या रिपोर्टपासून मी जिना चढणं सोडलंय," बाई म्हणाली. "गच्चीवर गेले नाही अडीच वर्षं. म्हणजे मला काही झालेलंच नव्हतं?"

"ते आम्हाला माहीत नाही. ते तपासून घ्यायला हवं, आणि कुठे, कसं ते सांगायलाच मी फोन केलाय."

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मग गॅस बंद केल्याचा आवाज आला, आणि खुर्ची ओढल्याचा.

"थांबा," बाई म्हणाली. "चष्मा घेते. लिहून घेते सगळं. तुमचं नाव आधी सांगा."